एका जेवणापुरती मांडी

मला सूड धरणारी माणसं आवडतात. क्षमा करणाऱ्यांचं मला कधी फारसं खरं वाटलं नाही. त्यांतल्या बहुतेकांच्या अंगात सूड घ्यायची ताकद नसते आणि त्यालाच ते मोठं मन म्हणतात. मी स्वतः एका साहेबाचं नाव बावीस वर्षं मनात धरून बसलोय. त्यामुळे दगाची गोष्ट सांगायला माझ्याइतका लायक माणूस मिळायचा नाही. शिवाय तिच्यात माझाही हात आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

प्रकाशा या तीर्थाच्या गावापासून तीन कोसांवर, तापीच्या काठी, गुजरांच्या एका गावात मी एकावन्न साली मास्तर म्हणून गेलो. तेव्हा नंदुरबार हा धुळ्याच्या हाताखालचा तालुका होता. गावात कापूस, केळी आणि कुरापती यांचं पीक चांगलं यायचं. दगा तिशीचा, माझ्याच वयाचा. त्याचं घर शाळेला लागून होतं. अंगाने सडपातळ, पण मांड्या अशा की धोतराला आकार यायचा. त्या मांड्या कापूस तुडवून झाल्या होत्या.

कापूस गाडीत भरणं हे वरवर बघणाऱ्याला काम वाटत नाही. गाडीला चारी बाजूंनी उंच ताट्या बांधायच्या, वरून कापूस ओतायचा आणि एकाने आत उभं राहून तो पायांनी दाबायचा. नुसत्या उड्या मारून कापूस बसत नाही. टाच रोवायची, कमरेतून गिरकी घ्यायची, मग दुसरी टाच. दगा तुडवायला उतरला की दोन गाड्यांचा माल एका गाडीत जायचा. आसपासच्या पाच-सहा गावांत त्याला बोलावणं असे, आणि तो पाहुण्यासारखा मान घेऊन जाई.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात धुडकूने त्याला बोलावणं धाडलं. धुडकू गावातला मोठा शेतकरी, वयानेही दगाहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. दगाने निरोप दिला, आधी घरची गाडी भरतो, मग तुमची. एवढंच. पण धुडकूला 'मग' हा शब्द कधी कोणी ऐकवला नव्हता. तो चार सालदार गडी मागे घेऊन दगाच्या खळ्यात आला. बैल सोडलेले, गाडी जुवाखालच्या टेकूवर उभी, आणि दगा आत छातीपर्यंत कापसात. धुडकू हसत हसत गाडीपुढे गेला आणि त्याने टेकूला लाथ घातली.

गाडी पुढे आपटली. दगाचं अंग गाडीबरोबर फिरलं, पण उजवा पाय मांडीपर्यंत कापसात रुतलेला होता, तो फिरला नाही. काडी मोडावी तसा आवाज आला म्हणे. दगाला ताटीवरून बाहेर काढला तेव्हा गुडघा खरबुजाएवढा झाला होता. आणि धुडकू हसत होता. पाय पाहूनही तो हसायचा थांबला नाही, हे दगाने मला पुढे कमीत कमी शंभर वेळा सांगितलं असेल.

मारुतीच्या पारावर पंच बसले. मीही होतो. चारही सालदारांनी खाली बघून सांगितलं की आम्ही काही पाहिलं नाही. सालदार मालकाविरुद्ध बोलणार कसा? मग धुडकूने तांब्यातलं तापीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "टेकूले मी हात लावा नही."

पंचांनी मान डोलावली. तापीच्या पाण्यावर कोण खोटं बोलतं? आणि तो खोटं बोललाच नव्हता. हात त्याने खरंच लावला नव्हता. पाय लावला होता, आणि पायाबद्दल त्याला कोणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. दगाला मात्र तिथेच कळलं. दोघांच्या खांद्यांना धरून तो उठला, एका पायावर उभा राहिला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "धुडकू, तुन्हा तेरावाले मी मांडी घालीसन बठसू. पोट भरीसन खासू, आनि दोन डाव मांगी लिसू."

मेलेल्याच्या तेराव्याला आमच्याकडे गंधमुक्ती म्हणतात. सुतकातल्या माणसांना गंध लावायचं, मग अंगणात पंगती, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. त्या पंगतीत वैऱ्याने येऊन दोन-दोनदा मागून जेवणं म्हणजे काय, ते खानदेशात कोणाला फोडून सांगावं लागत नाही. पारावरच्या माणसांनी माना खाली घातल्या. धुडकू तेवढा हसला.

पुढचं वर्ष वाईट गेलं. हाडवैद्याने तेल चोळलं, पाला बांधला. सूज उतरली, पण गुडघा मधेच अडकायचा. वाकवला की सरळ होईना, सरळ केला की वाकेना. दगा रस्त्यात एका पायावर उभा राहून पाय झटकायचा आणि पोरं हसायची. शेवटी पंचावन्न साली त्याची बायको तापीबाई त्याला आगगाडीत घालून चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेली. सोबत मी होतो. तिथे त्या महिन्यात बाहेरून हाडांचा एक डॉक्टर आला होता, दक्षिणेकडचा, मराठी तोडकी-मोडकी. त्याने गुडघा कापला आणि आतून एक फाटकी, दुधी रंगाची चकती काढली. रूपलीबाई नावाची नर्स होती, नवापूरकडची. तिने ती चकती बशीत घालून दाखवली.

"ही गादी," ती म्हणाली. "दोन हाडांच्या मधे असते. फाटून अडकत होती, म्हणून काढली. आता अडकणार नाही."

"मंग व्हयनं ना बरं?" दगा म्हणाला.

रूपलीबाई सरळ उत्तर देणारी बाई नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली आणि बकऱ्याच्या नळीचं एक हाड घेऊन आली. दगा माळकरी, त्याने तोंड फिरवलं. तिने हाड त्याच्या नाकासमोर धरलं. "खायचं नाही, बघायचं. टोकावर हे पांढरं, गुळगुळीत आहे ना? हे अस्तर. गादी होती तोवर भार तिच्यावर होता. आता सगळा याच्यावर. हे झिजलं की हाडावर हाड घासतं. आणि हे पुन्हा उगवत नाही. देवाने दुसरं ठेवलेलं नाही."

मग तिने सगळं सांगितलं. डोक्यावर ओझं नको. उकिडवं बसणं नको. कापूस तुडवणं कायमचं बंद. वजन वाढू द्यायचं नाही. मांडीचं मांस मात्र वाढवायचं, कारण आता गुडघ्याला तेच सांभाळणार. घोट्याला वाळूची पिशवी बांधून, उताणं पडून, पाय सरळ वर उचलायचा आणि दहा मोजायचे. सकाळी तीस वेळा, संध्याकाळी तीस वेळा. आणि मांडी घालून बसायचं नाही.

इथवर दगा नुसता ऐकत होता. आता तो उठून बसला. "मांडी नही?"

"नाही."

"एक डाव बठनं शे माले. एक जेवणपुरतं."

रूपलीबाईने ते डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरला वाटलं काही पूजाबिजा असेल. त्याने विचारलं, कधी? दगा म्हणाला, ते माझ्या हातात नाही. डॉक्टर जरा विचार करून म्हणाला, नीट जपलंत तर एकदा बसाल. पण त्या एकदासाठी रोजचं बसणं सोडा.

डॉक्टरने ते कशाच्या पोटी सांगितलं आणि दगाने कशाच्या पोटी घेतलं! परतीच्या गाडीत त्याचा चेहरा मला अजून आठवतो. माणूस देवदर्शन घेऊन येतो तसा तो दिसत होता.

त्या दिवसापासून दगाने गुडघा असा जपला की तसा मी कोणाला जीवही जपताना पाहिलेला नाही. तापीच्या वाळूची पिशवी शिवून घेतली. पहाटे शाळेच्या भिंतीपलीकडून आकडे ऐकू यायचे, "एक, दोन, तीन..." आणि दहाच्या जागी तो हमखास म्हणायचा, "धुडकू." तीस वेळा. संध्याकाळी पुन्हा तीस वेळा. तूप सोडलं, गूळ सोडला. एक जुनी सायकल घेतली आणि गुडघा फार वाकू नये म्हणून तिची सीट इतकी वर केली की तो तिच्यावर ताठ फौजदारासारखा दिसायचा. परसात खड्डा खणून वर दोन उंच दगड मांडले, कारण उकिडवं बसायचं नव्हतं. गाव हसून हसून लोळलं. धुडकू तर चावडीवर म्हणाला, "दगानी गादी गयी. राजा आते दगडवर बठस."

हे सगळं दगाने ऐकलं आणि गिळलं. पण शेतात निंदणी, वेचणी, केळीच्या बुंध्याशी बसून करायचं जे जे काम, ते सगळं तापीबाईवर आलं. तिचा गुडघा कोणी जपला नाही. ती एकदा मला म्हणाली, "मास्तर, याना गुडघामा धुडकू बठेल शे. तो काढाले डॉक्टर नही का?" मी हसलो. मला तेव्हा दगाचंच बरोबर वाटत होतं.

एकसष्ट सालच्या वैशाखात त्याच्या एकुलत्या मुलीचं, मंगलाचं लग्न निघालं. नवरा मुलगा शहाद्याजवळच्या गावचा, चांगलं घर. मांडव पडला, पाट मांडले. कन्यादानाला आईबापाने पाटावर मांडी घालून बसायचं असतं, आणि विधी चांगला तासभर चालतो. दगा मांडवाबाहेर उभा होता. भटजींनी हाक मारली. दगा म्हणाला, मी बसणार नाही, मगन बसेल. मगन म्हणजे त्याचा धाकटा भाऊ.

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, तासाभराने काय झिजणार आहे? पोरीचं लग्न आहे."

"डॉक्टर एक डाव बोलना, मास्तर," तो म्हणाला. "एक डाव. दोन डाव नही."

त्याने सगळ्या आयुष्यात एकच मांडी शिल्लक ठेवली होती आणि ती धुडकूच्या नावाची होती. मगन आणि त्याची बायको पाटावर बसली. बाप बसत नाही म्हटल्यावर आईलाही बसता येईना. तापीबाई मांडवाचा खांब धरून उभी राहिली. मंगलाने एकदा मान वर करून बापाकडे पाहिलं. ती रडली नाही. त्याच्याकडे नुसती बघत राहिली, आणि मग काकाच्या ओंजळीत हात दिला. नंतर गावपंगतीच्या वरच्या टोकाला धुडकू बसला होता, चांगली ऐसपैस मांडी घालून.

पुढे धुडकूचेही गुडघे गेले. त्याला कोणी लाथ घातली नव्हती. अंग सुटलं होतं, वय झालं होतं. काठीशिवाय चालेना. दगाने ही बातमी ऐकली तेव्हा त्याने घरात शिरा करायला लावला. स्वतः खाल्ला नाही, वजन वाढेल म्हणून. आम्हाला वाढला. मी दोनदा घेतला.

मग एके दिवशी धुडकू स्वतः आला. शाळेच्या ओट्यावर टेकला आणि भिंतीपलीकडे न बघता म्हणाला, "दगा, ते वाळूनी पिशवीनं काय शे ते माले बी सांग."

दगा बाहेर आला. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्याने धुडकूपुढे धरला. "तापीनं पानी शे. हातमा ले आनि सांग, टेकूले पाय लावा का नही. मंग शिकाडस."

धुडकू तांब्याकडे बघत राहिला. एक शब्द बोलला असता तर निम्मं गाव त्याला मोठा म्हणालं असतं, आणि मला वाटतं दगानेही पिशवी बांधून दिली असती. पण धुडकू काठी टेकत उठला आणि निघून गेला. दगा त्या दिवशी इतका खूष होता की त्याने पाय चाळीस वेळा उचलला.

आता माझा हात. चौसष्ट साली ब्लॉक ऑफिसातून कागद आला की तेराव्याच्या जेवणावळी बंद करा, धान्याची नासाडी आहे, गावोगाव लोकांना समजवा. समजवायला कोण, तर मास्तर. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली मी अर्धा तास बोललो. मेलेल्याच्या नावाने लाडू खाण्यापेक्षा शाळेला बाकं द्या, मुलं थंडीत जमिनीवर बसतात, असं काहीसं. लोक जांभया देत होते. दगा मागे सायकलला टेकून हसत होता. एकच माणूस काठीवर हनुवटी टेकून, कान देऊन ऐकत होता, आणि माझं भाषण त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. मला तेव्हा त्याचा आनंद झाला. मास्तर लोक असे मूर्ख असतात.

सदुसष्ट साली कार्तिकात धुडकू तापाने गेला. दगा अंत्यविधीला लांब उभा होता. त्याच्या डोळ्यांत दुःख नव्हतं, खोटं कशाला सांगू? पुढचे बारा दिवस भिंतीपलीकडे तिन्ही त्रिकाळ आकडे चालले. नवं धोतर आलं. तापीबाई तोंडात पदर धरून कामं करत होती.

बाराव्या दिवशी मला कळलं. धुडकूचा मुलगा वाहरू येऊन सांगून गेला. मी दगाला सांगितलं नाही. गावात सगळ्यांना माहीत झालं, पण एकानेही सांगितलं नाही. बारा वर्षं पाय उचलणाऱ्या माणसाला हे सांगायचं कोणी?

तेराव्याला भर दुपारी दगा निघाला. काठी नाही, सायकल नाही, ताठ चालत. धुडकूच्या अंगणात माणसं होती, पण कढया नव्हत्या. चुली नव्हत्या. पत्रावळी नव्हत्या. गंध लावून झालं होतं आणि वाहरू कागद वाचत होता. धुडकूने मरणाआधी लिहवून ठेवलं होतं की मास्तरांचं भाषण मला पटलं, माझ्या तेराव्याचं जेवण घालू नये, बांधावरची सागाची झाडं तोडून शाळेला बारा बाकं द्यावीत. लोक वाहवा करत होते. कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. हार घातलेला मी आणि नवं धोतर नेसलेला दगा, आमची नजरानजर झाली.

लोक पांगल्यावर धुडकूची बायको शांतीबाई दगाजवळ आली. बिचारीला खोटं बोलता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली, "मरानं आगे हासनात त्या. बोलनात, दगाले बठाले जागा नको ठेवज्यात."

दगा रिकाम्या अंगणाच्या मधोमध गेला, धोतर सावरलं आणि खाली बसला. उजवा पाय हळूच आत घेतला. पूर्ण मांडी. "वाढ," तो म्हणाला.

शांतीबाईने घरातली भाकरी आणि उडदाची डाळ आणून ठेवली. दगा एकटा जेवला. दोनदा मागून घेतलं, शब्द दिल्याप्रमाणे. बघायला मी आणि ती, दोघंच होतो. ज्याच्यासाठी हे सगळं, तो मेलेला, आणि ज्या गावासमोर हे करायचं, ते गाव धुडकूची थोरवी सांगत घरी गेलेलं. मग दगा उठला. जमिनीला हात न टेकता, एका झटक्यात. उभा राहिला आणि गुडघ्याकडे बघत राहिला. पुन्हा खाली बसला. पुन्हा उठला.

"दुखनं नही, मास्तर," तो म्हणाला. "जराबी नही."

त्याचा आवाज इतका पडला होता की आधी मला समजलंच नाही. चांगलीच बातमी होती ती. मग तो म्हणाला, "मंग पोरना लगीनमा..." आणि तिथेच थांबला. गुडघा इतका चांगला होता की त्या दिवशीही बसता आलं असतं. एकदा काय, दहादा बसता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दगाने मला बळेच बरोबर घेतलं आणि आम्ही सायकलींनी मंगलाच्या गावी गेलो. मंगलाने दारातून आम्हाला पाहिलं, पाणी आणलं आणि आतून लाकडी खुर्ची आणून बापासाठी मांडली. लग्नानंतर सहा वर्षांत बाप जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा तिने त्याला खुर्चीच दिली होती, अगदी आदराने. तिचा सासरा, दीर, नवरा, सगळे जमिनीवर पंगतीला बसत आणि दगा वर एकटा. मला तो तिचा मायाळूपणा वाटायचा.

दगाने खुर्ची बाजूला सारली. पाट ओढला, मांडी घातली आणि पोरीकडे वर बघत म्हणाला, "वाढ, बेटा. आज मी बठस."

मंगला हातात ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं नाही. मांडवात बघितलं होतं तशीच ती बापाकडे बघत राहिली, आणि तेव्हा मला कळलं की सूड धरायची रीत या घरात एकट्या दगाची नव्हती.

"खुर्चीवर बठा, आबा," ती म्हणाली. "पाय जपा. आनखी कोन्हं तेरावं बाकी व्हई ते?"